बर्फात माग काढायचा तर मापावर जाऊ नका

2019 च्या एप्रिलमध्ये भारतीय लष्कराने नेपाळमधल्या मकालू शिखराच्या बेस कॅम्पजवळच्या ठशांचे फोटो ट्विट केलेले आठवतायत का, 32 बाय 15 इंच, यतीचे, म्हणजे हिममानवाचे म्हणून? मीम्स भरपूर फिरले, पण बर्फात पाऊल मोठं दिसणं ही तशी साधी गोष्ट आहे. ऊन पडलं की ठशाच्या कडा वितळतात, खड्डा पसरतो आणि दोन-तीन दिवसांत कोल्ह्याचं पाऊल लांडग्याएवढं वाटायला लागतं. अस्वलाची आणखी गंमत, चालताना त्याचा मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावर अर्धवट पडतो, मग दोन मिळून एकच लांबलचक पाऊल, थेट माणसासारखं!

ताडोब्याच्या धुळीत वाघाचा पगमार्क कसा छापल्यासारखा उठतो, तसं लडाखच्या भुसभुशीत बर्फात होत नाही. हिमबिबट्याच्या, म्हणजे तिकडच्या भाषेत शनच्या, तळव्यावर केस असतात त्यामुळे ठसा आधीच पुसट. नीट उठलाच तर गोलसर, नखं नाहीत (मांजरांची नखं आत असतात ना) आणि तळव्याच्या गादीच्या मागच्या कडेला तीन फुगवटे. लांडग्याचा लांबट आणि नखं स्पष्ट. पण मला विचाराल तर एका ठशावर डोकं आपटण्यापेक्षा पूर्ण माग बघावा. कोल्हा मागचा पाय बरोब्बर पुढच्याच खड्ड्यात टाकतो, नवीन बर्फ तुडवायची मेहनत वाचते, म्हणून दोन पायांचा प्राणी एका रेषेत गेल्यासारखं दिसतं. ससा उडी मारतो तेव्हा मागचे पाय पुढे पडतात, त्यामुळे नवखा माणूस हमखास उलट्या दिशेला जातो. आणि ठशांच्या मधे लांब ओरखडा असेल तर ती शनची शेपूट असू शकते, जवळपास मीटरभर असते ती.

ताजा की शिळा हे बोटाने कळतं. पायाखाली दाबलेल्या बर्फाचे कण काही तासांत एकमेकांना चिकटून घट्ट होतात, म्हणजे ठशाचा तळ मऊ असेल तर प्राणी नुकताच गेलाय. पुढे जोराचा वारा सुटला की आजूबाजूचा भुसभुशीत बर्फ उडून जातो पण ठसा जागेवर राहतो, मग खड्ड्याच्या जागी चक्क उंचवटा, पावलाच्या आकाराचे छोटे छोटे ओटे रांगेत उभे!