बहिणीची सही लागते, लग्न झालेलं असलं तरी

वाडवडिलांचं घर विकायला निघालं की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘बहिणी दिल्या घरी गेल्या, त्यांची सही कशाला? प्रॉपर्टी कार्डावर भावांचीच नावं आहेत.’ यातली दोन्ही कारणं चूक आहेत.

या समजाचं मूळ बहुधा आपल्याच राज्यात आहे. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध वाटा दिला खरा, पण कायदा लागू होण्याआधी लग्न झालेल्यांना वगळलं. ती अट लोकांच्या डोक्यात घट्ट बसली. पुढे हिंदू वारसा कायद्यातली केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली आणि लग्नाचा प्रश्नच उरला नाही. वडील त्याआधी वारले असले तरी मुलीचा हक्क राहतो, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेली विक्री किंवा नोंदणीकृत वाटणी मात्र उकरता येत नाही.

वडिलांनी स्वतः कमावलेलं घर वेगळं. ते हयातीत कुणालाही विकू शकतात. मृत्युपत्र न करता गेले तर आई, आजी (वडिलांची आई) असल्यास तीही, मुलगे आणि मुली यांना समान वाटा.

राहिलं प्रॉपर्टी कार्ड. त्यावरची नोंद प्रामुख्याने सरकारी वसुलीसाठी असते, तिने मालकी ठरत नाही. बहिणीला वाटा सोडायचाच असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं, आणि ते तिने मनापासून द्यावं. राखीपौर्णिमेला गळ घालून घेऊ नये.