नागीण उतारवयातच का उठते?

नागीण, म्हणजे अंगावर पट्ट्याने उठणारे ते दुखरे फोड, कंबरेभोवती पूर्ण फिरली, तोंड-शेपटी एकत्र आली की माणूस जातो, हे गोव्यात साखळीपासून काणकोणपर्यंत कुठेही ऐकायला मिळतं. आणि मग घरातलं कोणीतरी रोज शर्ट वर करून किती अंतर राहिलं ते बघत बसतं, वरून कावेचा लेप असतोच. पण ती टोकं जवळपास कधीच भेटत नाहीत, कारण हा व्हायरस एका नसेच्या वाटेने कातडीवर येतो आणि ती नस पाठीच्या कण्यातून निघून पोटाच्या मधोमध संपते, डावीकडची डावीकडेच, उजवीकडची उजवीकडेच. म्हणून पट्टा अर्धा. भीती घालायचीच असेल तर फोड गेल्यावरही महिनोन्‌महिने राहणाऱ्या दुखण्याची घाला, ते खरं आहे, आणि वय जितकं जास्त तितकी त्याची शक्यता जास्त.

आता हा व्हायरस आला कुठून, तर कुठूनच नाही, तो आतच होता. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या तेव्हाच तो नसांच्या मुळाशी जाऊन बसला आणि पुढे चाळीस-पन्नास वर्षं आपल्या टी पेशींनी, म्हणजे रोगांवर पहारा ठेवणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींनी, त्याला तिथे दाबून ठेवला. म्हणजे बदलला तो व्हायरस नाही, पहारेकरी म्हातारे झाले.

या टी पेशी तयार होतात थायमस नावाच्या ग्रंथीत. छातीच्या हाडामागे, हृदयाच्या जरा वर. ती नेमकं काय करते हे 1961 पर्यंत कोणाला धड माहीतच नव्हतं, जॅक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांमधून ती काढून दाखवली तेव्हा कळलं की तिच्याशिवाय प्रतिकारशक्ती उभीच राहत नाही. गंमत म्हणजे ही ग्रंथी म्हातारपणाची वाट बघत नाही, लहानपणापासूनच ती आटायला लागते, वयात आल्यावर जोरात, आणि सत्तरीत तिथे बहुतेक चरबीच उरते. मोठ्यांना तिचा काही उपयोग नाही असं डॉक्टर कित्येक वर्षं धरून चालले, पण 2023 मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या अभ्यासात दिसलं की ऑपरेशनमध्ये थायमस काढलेल्या मोठ्या माणसांपैकी 8.1 टक्के पाच वर्षांत गेले, आणि छातीचंच वेगळं ऑपरेशन झालेल्या पण थायमस राहिलेल्यांपैकी 2.8 टक्के. उरलंसुरलंही कामाचं असतं तर.

नव्या पेशी कमी म्हणजे नवा रोग ओळखायला माणसं कमी. जुन्या ओळखी मात्र बऱ्याच टिकतात, म्हणून ‘म्हाताऱ्यांची इम्युनिटी वीक’ हे सरसकट विधान मला पटत नाही. 2009 चा स्वाइन फ्लू आठवा, त्याची लागण वयस्कर लोकांना त्यामानाने कमी झाली, कारण 1957 पूर्वी त्याच जातीचा फ्लू फिरत होता आणि तो त्यांच्या शरीराने बघितलेला होता. उलट कोविड सगळ्यांनाच नवा, आणि तिथे म्हाताऱ्यांचे किती हाल झाले ते आपण बघितलंच.

दुसरी भानगड अशी की हीच यंत्रणा गरज नसतानाही आतून धुमसत राहते. थकलेल्या पेशी मरतही नाहीत आणि गप्पही बसत नाहीत, सूज आणणारी रसायनं सोडत राहतात, आणि हृदयविकारापासून डायबेटीसपर्यंत बऱ्याच दुखण्यांशी त्याचा संबंध जोडला जातो. त्यामुळे ‘इम्युनिटी बूस्टर’ म्हणून जे काढे आणि पावडरी विकतात त्यांना विचारायला हवं की बाबा, नक्की काय वाढवणार? इथे काही कमी पडलंय आणि काही आधीच जास्त झालंय.

घरात वयस्कर माणूस असेल तर तापाचं एवढं लक्षात ठेवा. न्यूमोनिया किंवा लघवीचं इन्फेक्शन असूनही त्यांना ताप न येणं अगदी शक्य आहे. थर्मामीटर 99 दाखवतो, सगळे निर्धास्त, आणि आजी दुपारी चार वाजता बारा वर्षांपूर्वी गेलेल्या आजोबांना चहा नेऊन द्यायला सांगतात. त्याला ‘वय झालं’ म्हणू नका. अचानक आलेली भ्रमिष्टावस्था हेच कित्येकदा इन्फेक्शनचं पहिलं लक्षण असतं, आणि रोजच्या तापमानापेक्षा दोन डिग्री फॅरनहाइट वर गेलं तरी तो त्यांच्यासाठी ताप.

मग लस घेऊन फायदा काय, शरीर दादच देत नसेल तर? नागिणीच्या लसीनेच याचं छान उत्तर दिलंय. 2006 ची पहिली लस सत्तरीपुढे 40 टक्केही संरक्षण देत नव्हती. नंतरच्या लसीत व्हायरसचा फक्त एक तुकडा आणि सोबत पेशींना खडबडून जागं करणारं मिश्रण घातलं, त्यातला एक घटक चिलीतल्या एका झाडाच्या सालीतून काढतात, आपल्या रिठ्याला फेस येतो त्याच जातीचं रसायन. चाचण्यांमध्ये सत्तरीपुढच्यांनाही तिने सुमारे 90 टक्के संरक्षण दिलं. म्हणजे म्हाताऱ्या पेशी कामातून गेलेल्या नसतात, त्यांना हाक जोरात मारावी लागते.

ही लस 2023 पासून भारतात मिळते, पन्नाशीनंतर घेतात, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस, आणि स्वस्त अजिबात नाही. लस घेतली नसेल आणि नागीण उठलीच तर लेप लावत बसू नका, व्हायरसविरोधी गोळ्या पहिल्या 72 तासांत सुरू झाल्या तर जास्त उपयोग होतो. आणि लस घ्यायचं ठरलं तर दंड एक-दोन दिवस चांगलाच ठणकतो, कणकणही येते, तेव्हा चतुर्थीच्या तोंडावर नको, गणपतीच्या वर फळापानांची माटोळी बांधायला हात वर जाणार नाही.