कुलवृत्तांतात न सापडणारी आत्या: घराण्यातल्या कॅन्सरचा माग कसा लागत गेला

पुण्यातल्या बऱ्याच घरांत कुलवृत्तांताचा एक जाडजूड ग्रंथ असतो. मूळ पुरुष कोण, कोकणातून कोण कधी आलं, कोणाला किती मुलगे, सगळं त्यात असतं. मुलींच्या नावापुढे मात्र सासरचं आडनाव आणि गाव लिहिलं की फांदी तिथेच थांबते. त्यांची मुलं दुसऱ्या कुळाच्या वंशावळीत जातात. कोण कशानं गेलं, हे तर जवळजवळ कुठेच लिहिलेलं नसतं. "तुमच्या घराण्यात कॅन्सर आहे का?" असं डॉक्टर विचारतात, तेव्हा त्याचं उत्तर बहुधा या थांबलेल्या फांद्यांवर असतं. जनुकांना ना गोत्र कळतं ना आडनाव.

हा आजार काही घराण्यांत पिढ्यान् पिढ्या येतो, हे प्रयोगशाळेच्या फार आधी नातेवाइकांच्या आठवणींवरून कळलं होतं. पॅरिसचे शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी १८६६ साली आपल्या पत्नीच्या माहेरच्या बायकांची नोंद छापली; त्यातल्या कित्येकजणी स्तनाच्या कॅन्सरने गेल्या होत्या. १८९५ साली अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातले ऑल्ड्रेड वॉर्थिन यांना त्यांच्याकडे शिवणकाम करणाऱ्या बाईंनी सांगितलं, की आमच्या घरात सगळे पोटाच्या, आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरने जातात, मीही तशीच जाणार. त्या गर्भाशयाच्याच कॅन्सरने गेल्या. वॉर्थिननी ते बोलणं हसण्यावारी नेलं नाही. घराण्याची माहिती जमवून त्यांनी १९१३ साली ती 'फॅमिली जी' या नावानं प्रसिद्ध केली. पुढे नेब्रास्कातल्या हेन्री लिंच यांनी १९६६ पासून अशी आणखी घराणी नोंदवली. आज लिंच सिंड्रोम म्हणतात तो हाच. फॅमिली जीमधला नेमका बिघाड एमएसएच२ या जनुकात आहे, हे २००० साली कळलं. त्या बाईंच्या बोलण्याला तोवर शंभर वर्षं उलटून गेली होती.

स्तनाच्या कॅन्सरच्या बाबतीत अडचण वेगळी होती. हा आजार इतका सर्रास दिसतो, की एका घरात दोघींना झाला तर तो योगायोगही असू शकतो. अमेरिकेतल्या जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी सतरा वर्षं हा शोध चालवला. २३ घराण्यांची माहिती एकत्र पाहिली तर काही दिसत नव्हतं. पण आजार किती वयात झाला त्या क्रमानं घराणी लावली, तेव्हा तरुण वयात आजार झालेल्या घराण्यांत १७ व्या गुणसूत्राकडे बोट दाखवणारी खूण स्पष्ट दिसली. हे १९९० साली जाहीर झालं. ज्यातल्या बिघाडानं स्तनाचा आणि अंडाशयाचा धोका वाढतो, ते बीआरसीए१ हे जनुक १९९४ मध्ये हाती आलं आणि पुढच्याच वर्षी तसंच बीआरसीए२. म्हणून आजही कोणाला झाला याच्या जोडीला कितव्या वर्षी झाला हे विचारतात. ७८ व्या वर्षी आजार झालेल्या तीन आज्यांपेक्षा ३८ व्या वर्षी आजार झालेली एक आत्या जास्त महत्त्वाची.

आत्या मुद्दाम लिहिलं. बीआरसीएमधला बिघाड आईकडून जितका येतो तितकाच वडिलांकडूनही येतो; दोघांपैकी एकाकडे तो असेल तर प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता. वडिलांना स्वतःला काही झालेलं नसतं, म्हणून त्यांची बाजू विचारायची राहून जाते. बायका आईच्या, मावशीच्या आजाराबद्दल सांगतात. आत्या आणि वडिलांची आई विसरली जाते. खरं तर हा इतिहास सांगायला मराठीइतकी सोयीची भाषा कमीच. मावशी, आत्या, मामेबहीण, आतेभाऊ म्हटलं की बाजू आपोआप ठरते. गोंधळ होतो तो काका या शब्दानं, कारण मावशीच्या यजमानांनाही आपण काकाच म्हणतो. ते रक्ताचे नाहीत, त्यांचा कॅन्सर या हिशेबात येत नाही. आणि मामाच्या मुलीशी लग्न झालेलं असेल तर दोन्ही बाजू पुढे एकमेकींत मिसळतात. तेही लिहून ठेवावं लागतं. नात्यांच्या या गुंत्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास पुण्यातच डेक्कन कॉलेजात इरावती कर्वे यांनी केला होता. वारशाच्या आजाराबद्दल सल्ला देणाऱ्या जनुकीय समुपदेशकाला तोच गुंता आता आजाराच्या अंगानं सोडवावा लागतो.

पुण्यात कॅन्सरची मोजदाद जुनी आहे. इंडियन कॅन्सर सोसायटीनं मुंबईत १९६०च्या दशकात नोंदणी सुरू केली आणि १९७३ मध्ये पुण्यात. पण अशी नोंदणी शहरातले रुग्ण मोजते, घराणी जोडत नाही. कसब्यातली आई आणि लग्न होऊन कोथरूडला गेलेली तिची मुलगी या त्या तक्त्यात दोन वेगळ्या ओळी असतात. त्या जोडायचं काम घरच्यांचंच.

इथे खरी अडचण जुन्या शब्दांची आहे. कॅन्सर हा शब्द घरात उच्चारला जात नसे. मुलींची स्थळं अडतील ही भीती त्यामागे होती. त्यामुळे उरतात ते असे शब्द: "पोटात पाणी झालं होतं", "पिशवीचा आजार", "गाठ होती", "कावीळ उतरलीच नाही". पोटात पाणी अंडाशयाच्या कॅन्सरनं होतं, तसंच क्षयानं किंवा यकृताच्या आजारानंही होतं. म्हणून पुढे विचारावं: वय काय होतं, आधी क्षयाचं औषध चालू होतं का, दारू होती का, पाणी काढून तपासायला कुठे दिलं होतं. पिशवीचा म्हणजे नेमका कुठला, याला फार महत्त्व आहे. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर एचपीव्ही विषाणूमुळे होतो, तो सहसा वारशाचा नसतो. पिशवीच्या आतल्या अस्तराचा, तोही पन्नाशीच्या आत झालेला असेल, तर लिंच सिंड्रोमची शंका घ्यावी. दोन भावांना तोंडाचा कॅन्सर झाला आणि दोघांच्या खिशात तंबाखूची पुडी होती, तर आधी दोष पुडीचा. एकूण कॅन्सरमध्ये थेट वारशानं येणारे साधारण ५ ते १० टक्केच असतात.

कागद शोधायला लोक आधी महापालिकेत मृत्यूचा दाखला काढायला जातात. तिथे मृत्यूचं कारण मिळत नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार दिलेल्या उताऱ्यात ते उघड करता येत नाही, मग कर्मचाऱ्याशी वाद घालून काय उपयोग? कारण सापडतं ते डिस्चार्ज कार्डावर, बायॉप्सीच्या रिपोर्टात, विम्याच्या दाव्याच्या कागदांत. परळला टाटा हॉस्पिटलमध्ये उपचार झाले असतील तर फाइलवरचा केस नंबर जपून ठेवावा. पेठांतल्या नदीकाठच्या घरांत १९६१ च्या पानशेतच्या पुरात कागद गेले, तिथे घरातल्या सर्वांत वयस्कर बाईंच्या आठवणीवरच भिस्त. त्यांना एकट्यानं, सावकाश विचारावं.

मग वंशावळ काढायची, आणि या वेळी मुलींच्या फांद्या न तोडता. बाईला वर्तुळ, पुरुषाला चौकोन. आजार झालेला भरीव, गेलेल्यावर तिरकी रेघ. किमान तीन पिढ्या. प्रत्येकाजवळ दोन आकडे: आजार कळला तेव्हाचं वय आणि आजचं किंवा मृत्यूचं वय. निरोगी माणसंही लिहायची. चार बहिणींपैकी तिघी ऐंशीपर्यंत ठणठणीत जगल्या, ही सुद्धा माहितीच आहे.

जनुकांच्या तपासणीत सर्वाधिक चूक होते ती सुरुवातीलाच. घाबरलेली निरोगी मुलगी आधी रक्त देऊन येते. रक्त आधी आजार झालेल्या व्यक्तीचं द्यावं, आणि तिचा बोन मॅरो बदललेला असेल तर रक्तात दात्याची जनुकं दिसतात, हे आधीच सांगावं. आजारी व्यक्तीत बिघाड सापडला तर बाकीच्यांची तेवढ्या एका बिघाडापुरती स्वस्त तपासणी पुरते, आणि तिथे 'नाही' आलं तर तो धोका खरोखर त्यांच्याकडे आलेला नाही. आजारी व्यक्तीची तपासणीच नसेल, तर निरोगी मुलीचा 'नाही' असा रिपोर्ट विश्वास ठेवण्याजोगा नसतो. आतड्याच्या कॅन्सरमध्ये लिंचची शंका पडताळायला आधी गाठीचा तुकडा मेणात जपलेल्या ठोकळ्यावर चार प्रथिनं तपासतात: एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६, पीएमएस२. हा ठोकळा हॉस्पिटल कायम ठेवत नाही, म्हणून लवकर मागावा.

रिपोर्टावर कधी 'व्हीयूएस' असं येतं. म्हणजे जनुकात बदल आहे, पण त्याचा अर्थ अजून लागलेला नाही. तुलनेच्या नोंदी बहुतांश युरोपीय लोकांच्या असल्यानं आपल्याकडे हे जास्त येतं. २०१९ मध्ये सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेच्या इंडिजेन प्रकल्पात हजारावर भारतीयांची जनुकं वाचून झाली, त्यानं थोडी भर पडली. व्हीयूएस पाहून शस्त्रक्रिया करू नये. दर एक-दोन वर्षांनी त्याचा अर्थ बदलला का, हे विचारावं.

बिघाड खरा असेल तर हाती बरंच काही आहे. बीआरसीए१ मध्ये ऐंशीपर्यंत स्तनाचा धोका सुमारे ७२ टक्के आणि अंडाशयाचा ४४ टक्के. बीआरसीए२ मध्ये ६९ आणि १७. स्तनांसाठी साधारण २५ पासून दरवर्षी एमआरआय आणि ३० पासून सोबत मॅमोग्राफी. अंडाशयाचं मात्र वेगळं आहे: दरवर्षी सोनोग्राफी आणि सीए-१२५ ही रक्ताची चाचणी करून बायका निश्चिंत राहतात, पण त्यानं जीव वाचतो असं मोठ्या अभ्यासांत दिसलेलं नाही. म्हणून मुलं झाल्यावर बीआरसीए१ मध्ये ३५ ते ४०, बीआरसीए२ मध्ये ४० ते ४५ या वयात अंडाशय आणि नळ्या काढण्याचा सल्ला देतात. लिंच असेल तर वीस-पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी. जनुक सापडलं नाही तरी भावाला ४४ व्या वर्षी आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर बाकीच्या भावंडांनी ३४ व्या वर्षी तपासून घ्यावं. पुरुषांनी यातून स्वतःला वगळू नये. बीआरसीए२ मुळे त्यांना प्रोस्टेटचा, स्वादुपिंडाचा आणि क्वचित स्तनाचाही कॅन्सर होतो.

रिपोर्ट आला की त्यात बिघाडाची एक ओळ असते, सी आणि ठिपक्यानं सुरू होणारी, अक्षरं आणि आकड्यांची. ती तोंडी सांगताना चुकते, म्हणून त्या पानाचा फोटो काढून तोच आत्याच्या मुलीला पाठवावा. ती सांगलीला असो की सिंगापूरला, ओळ हाती असेल तर तिची तपासणी नेमक्या त्याच जागी होते. नुसतं "आमच्यात बीआरसीए आहे" एवढंच कळलं, तर तिला सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.