हीटरची पेटी आणि मराठवाड्यातील जुन्या स्पोर्ट्स गाड्या : पार्श्वभूमी

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीचे बॉनेट उचलले की समोरच्या काचेच्या पायथ्याशी, इंजिनाच्या मागे, काळ्या रंगाची पत्र्याची एक पेटी दिसते. ही हीटरची पेटी. छत्रपती संभाजीनगरच्या एका गॅरेजमध्ये पाहिलेल्या गाडीत या पेटीकडे जाणारे गरम पाण्याचे दोन्ही होज पाइप कापलेले होते आणि त्यांच्या तोंडात एकेक गंजका बोल्ट कोंबून वरून क्लिप आवळलेली होती. मिस्त्रींचे म्हणणे सरळ होते : ‘मालक, मे महिन्यात इथं डांबर पाघळतंय, हीटर कशाला पाहिजे?’ प्रश्न वावगा नाही. पण हीटर म्हणजे केवळ ऊब देणारी वस्तू, हे त्यात गृहीत धरलेले आहे. ही पेटी गाडीत कशी आली, हे पाहिले की तिच्याकडे दुर्लक्ष का परवडत नाही, हेही कळते.

सुरुवातीच्या मोटारी उघड्याच असत. थंड देशांतील प्रवासी अंगावर जाड पांघरूण घेत आणि पायाशी निखाऱ्यांची बंद शेगडी किंवा तापवलेली वीट ठेवत. पुढे एक्झॉस्टच्या उष्णतेचा उपयोग होऊ लागला आणि विसाच्या दशकाच्या उत्तरार्धापासून इंजिनातील गरम पाणी छोट्या रेडिएटरमधून फिरवणारे हीटर येऊ लागले. त्यांतील बरेचसे गाडीतलीच हवा पुन्हा पुन्हा तापवत, त्यामुळे प्रवाशांच्या श्वासाची वाफ काचेवर साचे. बाहेरची ताजी हवा आत ओढून, ती गाळून व तापवून गाडीत सोडण्याची पद्धत अमेरिकेतील नॅश या मोटार कंपनीने १९३८ मध्ये आणली, तीच पुढे ‘वेदर आय’ या नावाने ओळखली गेली आणि आज आपण ज्याला हीटर म्हणतो, त्याचा पाया तेथे घातला गेला.

स्पोर्ट्स गाड्या मात्र या सुखसोयींपासून बराच काळ फटकून राहिल्या. वजन कमी, किंमत कमी आणि चालवणारा जरा सोसणारा, असा तो हिशेब होता. १९४५ साली आलेल्या एमजी टीसीमध्ये समोरची काच बॉनेटवर आडवी पाडता येई आणि वायुविजनाची सोय म्हणजे जवळजवळ तेवढीच. १९५३ च्या पहिल्या कॉर्व्हेट या अमेरिकी स्पोर्ट्स गाडीत हीटर कागदोपत्री ऐच्छिक होता. पण त्या वर्षी तयार झालेल्या तीनशेच्या तीनशे गाड्यांत तो बसवूनच दिला गेला, यावरून गिऱ्हाइकाला काय हवे होते, याचा अंदाज येतो. १९६२ मध्ये आलेल्या एमजीबीतही सुरुवातीला तो जादा पैसे मोजूनच मिळे. पुढे १ जानेवारी १९६८ पासून समोरच्या काचेवरचे धुके व हिम काढण्याची यंत्रणा अमेरिकेत सक्तीची झाली आणि अमेरिकी बाजारावर डोळा असलेल्या ब्रिटिश कंपन्यांना निवड उरली नाही.

आणखी एक अडचण हवेच्या वाटेची होती. गाडी धावत असताना समोरच्या काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब वाढतो, म्हणून हवा आत घेणारी जाळी तेथे ठेवतात. पण आत आलेली हवा बाहेर जाण्यास वाट नसेल, तर नवी हवा येत नाही. फोर्डने १९६४ मध्ये कॉर्टिना या साध्या कौटुंबिक गाडीत मागच्या खांबांवर हवा बाहेर सोडणाऱ्या फटी देऊन हा प्रश्न सोडवला. त्या काळच्या अनेक स्पोर्ट्स गाड्यांत अशी सोय नव्हती, तेथे खिडकी किंचित उघडी ठेवणे हाच उपाय होता. पद्मिनी आणि ॲम्बेसेडरची त्रिकोणी काच ज्यांना आठवते, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

मराठवाड्यात या गाड्या मोजक्याच आहेत. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता आणि १९४९ मध्ये भारत सरकारने तयार मोटारींची आयात रोखली. त्यामुळे सुटे भाग सहज मिळण्याची सवयच येथे कधी लागली नाही, आणि जे बिघडले ते बाजूला काढून गाडी चालती ठेवायची, ही रीत रुजली. पाइपातले बोल्ट याच रीतीचे. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारे पाणी अडवणारी झडप, काढून टाकण्याची खोडही तीच; त्याने उन्हाळ्यात इंजिन गार राहते, असा समज आहे, प्रत्यक्षात हिवाळ्यात ते नीट तापतच नाही आणि हीटर असूनही कोमट राहतो.

खरे नुकसान पाणी करते. अँटीफ्रीझ म्हणून इथिलीन ग्लायकॉल अमेरिकेत १९२७ पासून ‘प्रेस्टोन’ या नावाने विकले जाऊ लागले, ते पाणी गोठू नये म्हणून. आपल्याकडे पाणी गोठत नाही, म्हणून कूलंट, म्हणजे ग्लायकॉल घातलेले हे पाणी, हा खर्च फुकटचा ठरला आणि बोअरचे साधे पाणी चालू राहिले. परंतु ग्लायकॉलमुळे पाणी उकळण्याचे तापमानही वाढते आणि कूलंटमधील इतर द्रव्ये गंज रोखतात. बेसाल्टमधून येणारे आमचे पाणी जड. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे थर आधी साचतात ते हीटरच्या बारीक नळ्यांत, कारण हीटरचा नळ बंद असला की तेथे प्रवाहच नसतो. गॅरेजमधल्या त्या गाडीचा हीटर रेडिएटरवाल्याकडे नेऊन उलटा करून ठोकला, तेव्हा चुन्यासारखी पांढरी खर पडली. तांब्या-पितळेचा असल्याने तो उघडून, नळ्यांतून सळई फिरवून, पुन्हा डाख लावून वापरता आला. हा हीटर म्हणजे एक छोटा जादा रेडिएटरच असतो. कन्नडचा औट्रम घाट चढताना तापमानाचा काटा वर सरकू लागला, तर काचा खाली करून हीटर पूर्ण उघडावा. पाय भाजतात, पण इंजिनाला उसंत मिळते. बोल्ट ठोकलेल्या गाडीला हा उपाय उरत नाही.

पावसाळ्यात काचेवरचे धुके काढणारी हवाही याच पेटीतून येते. एमजीबीत जाळीतून आत शिरलेले पावसाचे पाणी एका रबरी नळीने खाली जाते. गाडी कडुलिंबाखाली उभी करण्याची आपली सवय असल्याने वाळलेला पाला आणि काळ्या मातीची धूळ मिळून त्या नळीत घट्ट बूच बसते. मग पाणी पेटीत तुंबते, फोमच्या पट्ट्या कुजतात आणि पायाखालचा पत्रा गंजतो. दर जूनपूर्वी ही नळी मोकळी करणे, हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत विसरले जाणारे काम आहे. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या जुन्या पोर्शेत तर प्रश्न जिवाचा असतो, कारण तेथे एक्झॉस्टभोवतीच्या वेष्टनात हवा तापते आणि ते गंजून भोक पडले, तर कार्बन मोनॉक्साइड थेट आत येतो.

हिवाळ्यात परभणीचा पारा कधीकधी पाच अंशांखाली जातो. पहाटे उघड्या गाडीत निघणाऱ्याला हीटर कशाला, हे तेव्हा विचारावे लागत नाही. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो, मात्र गाडी मूळ रूपात असावी लागते. हीटर परत बसवण्याचे निमित्त गॅरेजमधल्या त्या एमजीबीच्या मालकांना याच नोंदणीच्या तयारीत मिळाले. पेटी बाहेर काढायला दोघांना अख्खा दिवस लागला. एमजीबीचे शौकीन चेष्टेने म्हणतात की कारखान्यात आधी हीटर टांगत आणि मग त्याभोवती गाडी बांधत.