लाकडी घोडा (कोरीवकाम)

लाकडाच्या ठोकळ्यातून हातहत्यारांनी घोड्याची आकृती घडवण्याचे काम. प्राण्यांच्या कोरीवकामात हत्ती नवशिक्यालाही जमून जातो. घोडा मात्र मुरलेल्या कारागिराचीही परीक्षा पाहतो. त्याचे जड धड चार काटकुळ्या पायांवर तोललेले असते आणि लाकूड नेमके तिथेच दगा देते. म्हणून घोडा कोणत्या पवित्र्यात उभा करायचा, हे कारागिराच्या हौसेपेक्षा लाकडाच्या रेषाच (तंतूंची दिशा) जास्त ठरवतात.

लाकूड रेषेच्या दिशेने भक्कम असते, रेषेला आडवे मात्र चटकन तुटते. त्यामुळे उभ्या घोड्यासाठी ठोकळा असा निवडतात की रेषा खुरापासून वर खांद्याकडे जातील. कानही याच दिशेत येत असल्याने तेही टिकतात. धडात रेषा आडव्या पडतात, पण धड जाड असल्याने बिघडत नाही. दौडता घोडा ही खरी डोकेदुखी. त्याच्या ठोकळ्यात कोणतीही दिशा धरली तरी एखादा पाय आडव्या रेषेत सापडतोच. मग तो पाय वेगळा कोरून खुंटीने बसवावा लागतो. मागच्या पायांवर झेपावणाऱ्या घोड्याची शेपटी जमिनीला टेकवून तिसरा आधार करण्याची युक्ती त्यातूनच आलेली. पुण्यात श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात शिल्पकार करमरकरांनी घडवलेला १९२८ सालचा अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा पाहून तसाच घोडा सागात काढायला बसणारे असतात. तो पुतळा ओतीव धातूचा आहे, आणि धातू पेलतो ते सगळे लाकूड पेलत नाही.

हा प्रश्न मुळातूनच टाळणारा घोडा म्हणजे स्वीडनच्या डालार्ना प्रांतातील लाल रंगाचा ‘डाला’ घोडा. पाइनच्या लाकडाचा हा घोडा करवतीने कापून सुरीने तासतात. पाय आखूड व जाड, सुटी शेपटी नाहीच. खोगीर आणि लगाम रंगाने काढलेले. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात मांडल्यावर तो स्वीडनची ओळख बनला. कर्नाटकातील चन्नपट्टणची लाखकाम केलेली खेळणी वेगळ्या जातीची: ती मुख्यतः चरकावर (लेथवर) फिरवून होतात, त्यामुळे तिथल्या घोड्याचे अवयव गोलाईचे असतात.

पुण्याला लाकूडकामाची जाण वाड्यांमुळे आली. १८०७ च्या सुमारास बांधलेल्या विश्रामबागवाड्याचा कोरीव सागवानी दर्शनी भाग आणि बाजीराव रस्त्यावरील राजा दिनकर केळकर संग्रहालयातील दरवाजे व चौकटी पाहिल्या की पटाशीचा हात कुठवर जातो ते कळते. लाकूड घ्यायचे ते भवानी पेठेतील टिंबर मार्केटमध्ये. पाडलेल्या वाड्यांचे जुने सागवान पूर्ण वाळलेले असते, म्हणून त्याला मागणी आहे. पण त्यात खिळ्यांची टोके दडलेली असतात. पटाशी लावण्यापूर्वी ठोकळ्यावरून लोहचुंबक फिरवलेला बरा. सागात सिलिका असल्याने हत्यारांची धारही लवकर जाते. शिकणाऱ्याने शिवणीच्या झाडाचे लाकूड घ्यावे: हलके, मऊ, फारसे न पिळवटणारे. लाकूड कोणतेही असो, खोडाच्या मधला गर ठोकळ्यात येऊ देऊ नये. तो आला की आज ना उद्या तिथून चीर निघते. बाहेरचे फिकट लाकूडही तासून टाकतात, कारण कीड आधी त्यालाच लागते.

सुमारे २० सेंमी. उंच घोड्याला ७ ते ८ सेंमी. जाडीचा ठोकळा पुरतो. बाजूचा आकार कागदावर काढून लाकडावर उतरवतात आणि करवतीने कापून घेतात. मग पाठीवरून मध्यरेषा मारतात. ती खोडली गेली की पुन्हा मारायची, नाहीतर घोडा एका अंगाला कलतो. गोल पटाशी आणि मोगरीने आधी पोट, खांदे, मान मोकळी करतात. पायांमधली जागा उघडण्याची घाई नडते. तिथे गिरमिटाने भोके पाडून मधले लाकूड थोडे थोडे काढतात आणि खुरांना जोडणारी पट्टी शेवटपर्यंत ठेवतात. पुष्कळ जण ती काढतच नाहीत, तीच बैठक होते. माझ्या मते हेच शहाणपणाचे. दोन्ही कानही शेवटपर्यंत एकाच गठ्ठ्यात राहू द्यावेत.

प्रमाणाचा ढोबळ हिशेब असा: खांद्यापाशी उंची डोक्याच्या लांबीच्या सुमारे अडीच पट, आणि धडाची लांबी जवळपास त्या उंचीइतकीच. नवख्यांचा घोडा गाढवासारखा दिसतो तो बहुधा डोके मोठे झाल्यामुळे. पुढचा गुडघा पुढे येतो, मागचा सांधा मागे. हे उलटसुलट झाले की जिवंतपणा गेला. जातही आधी ठरवावी. मारवाडी घोड्याच्या कानांची टोके आत वळून एकमेकांना भिडतात, तर भीमा खोऱ्यातले भीमथडी तट्टू ठेंगणे आणि काटक. खरा घोडा निरखायचा तर पावसाळ्यात पुणे रेसकोर्सवर शर्यती असतात. आषाढीच्या वारीत माउलींची पालखी भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात उतरते, तेव्हा सोबतचे अश्वही शहरात असतात. वही-पेन्सिल घेऊन जावे.

शेवटी पॉलिश पेपर, मग जवसाचे तेल किंवा चपडा (लाखेचे पॉलिश). काही जण पटाशीचे ठसे मुद्दाम ठेवतात. आयाळीवर ते शोभतात, चेहऱ्यावर नाही. पावसाळी दमट हवेत चपड्यावर पांढुरकी झाक येते, तेव्हा ते काम उघडिपीला करावे. तेलाच्या चिंध्या गोळा करून टाकू नयेत, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून वाळवाव्यात. मोडलेला पाय नुसत्या सरसाने चिकटवला तर पुन्हा तिथेच तुटतो. दोन्ही तुकड्यांत बारीक भोक पाडून रेषेच्या दिशेने बांबूची खुंटी घालावी आणि मगच सरस लावावा.