घंगाळ, सिंक आणि टब (तांब्याचे)

तांब्याचा पत्रा ठोकून घडवलेली न्हाणीघरातली व स्वयंपाकघरातली पाण्याची भांडी. महाराष्ट्रात यांतले जुने भांडे म्हणजे घंगाळ : रुंद तोंडाचे, दोन बाजूंना कड्या असलेले. बंबातले कढत पाणी त्यात ओतायचे, विसण घालायचे आणि तांब्यातांब्याने अंगावर घ्यायचे. फ्रान्समध्ये १९ व्या शतकात श्रीमंत घरांत आतून कल्हई केलेले तांब्याचे टब असत. अलीकडच्या घरांतली सिंक वेगळ्या घाटाची असली, तरी धातू तोच आणि त्याच्या खोडीही त्याच.

शुद्ध तांबे मऊ असते. हातोडीच्या प्रत्येक ठोक्यागणिक ते कडक होत जाते आणि तसेच ठोकत राहिल्यास तडकते. म्हणून मधूनमधून लाल होईपर्यंत ताव देऊन ते पुन्हा मऊ करतात. शेवटी अंगभर सारखे ठोके पाडतात, ते मठारकाम. ते नुसत्या शोभेसाठी नसते, पत्र्याला ताठपणा त्यानेच येतो. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी या कामासाठी पेशवाईपासून ओळखली जाते. मेक्सिकोत मिचोआकान राज्यातले सांता क्लारा देल कोब्रे हे गाव असेच ठोक्यांवर जगते. तिथे मोडीतले तांबे वितळवून, तापवून ठोकतात आणि त्याची सिंकही घडवतात.

तांबे स्टेनलेस स्टीलच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. बंबात मधल्या नळीतल्या विस्तवाची धग भोवतालच्या पाण्याला लगेच पोचते, ती यामुळेच. टबातही पाणी पडताच कडा कोमट होतात, पाठीला गार लागत नाही. मात्र अशा टबात पाणी तासन्‌तास गरम राहते, ही जाहिरात एकेरी पत्र्याच्या बाबतीत पटण्यासारखी नाही. उष्णता अडवणे हा या धातूचा गुणच नव्हे. त्यासाठी दुहेरी पत्रा आणि मध्ये हवेची पोकळी लागते.

खरा प्रश्न रंगाचा. नवे सिंक लालसर गुलाबी झळाळते, पण काही आठवड्यांत हवा आणि पाण्याने ते तपकिरी, पुढे काळपट होते. हा ऑक्साइडचा पातळ थर असतो, त्याने धातूचे नुकसान होत नाही. त्यावर लिंबाची फोड किंवा चिंचेचा कोळ तासभर राहिला, की तिथला थर विरघळतो आणि लख्ख गुलाबी डाग उमटतो. वापरता वापरता तोही आपोआप भरून येतो. सतत ओल्या राहणाऱ्या कोपऱ्यात, जाळीच्या कडेला, हिरवट थर धरतो; तो मात्र घासून काढावा आणि ती जागा कोरडी ठेवावी. रोज मऊ फडका पुरतो. तारेची घासणी, ब्लीच आणि नाली मोकळी करायची तीव्र रसायने वर्ज्य. ज्यांना बारा महिने आरशासारखी चकाकी हवी, त्यांनी तांब्याच्या वाटेला जाऊ नये.

तांब्यावर जिवाणू फार काळ तगत नाहीत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००८ मध्ये तांब्याच्या मिश्रधातूंची जिवाणूनाशक म्हणून नोंदणी केली. स्वच्छ पृष्ठभागावर दोन तासांत ९९.९ टक्के जिवाणू मरतात, असा त्यामागचा निकष. घासणे-धुणे त्याने सुटत नाही, आणि चकाकी टिकवण्यासाठी वर लाखेसारखे आवरण दिले असेल तर हा गुण झाकला जातो.

घेताना पत्र्याची जाडी विचारावी. १६ गेजचा, म्हणजे सुमारे १.३ मिलिमीटरचा पत्रा सिंकसाठी चांगला. गेजचा आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो. चुंबक चिकटला तर आत लोखंड आहे हे नक्की. न चिकटल्याने मात्र तांबे शुद्ध ठरत नाही. सांधे झाळलेले, म्हणजे धातू वितळवून पक्के जोडलेले असावेत, पण त्यात शिशाचा डाख नसावा. जाळी व जोड पितळेचे घ्यावेत, कारण ओलाव्यात तांब्याला टेकलेले लोखंड झपाट्याने गंजते. पोचा पडलाच, तर तांबट तो आतून ठोकून काढून देतो.