मत्स्यतेल

माशांच्या अंगातील अथवा यकृतातील चरबीपासून काढलेले तेल. औषध, मत्स्यखाद्य, चामडे कमावणे, साबण, रंग आणि लाकडी होड्यांची निगा अशा नाना कामांत ते वापरले जाते. या एका नावाखाली येणारे पदार्थ मुळात दोन आहेत : तारली, बांगडा, हेरिंग, अँकोव्ही अशा चरबीदार माशांच्या सबंध अंगापासून निघणारे शरीरतेल आणि कॉड, हॅलिबट, मुशी (शार्क) यांचे यकृततेल. मुंबईच्या बाजारात दोहोंना सरसकट ‘माशाचं तेल’ म्हणतात. औषधी गुणांबद्दलचा बराचसा घोळ या नावातच आहे.

काही मासे चरबी स्नायूंत साठवतात, काही यकृतात. मुशीला वाताशय, म्हणजे तरंगण्यासाठीची हवेची पिशवी, नसतो. पाण्यात तरंगून राहायला तिला यकृतातील हलक्या तेलाची मदत होते. खोल समुद्रातील काही जातींत यकृताचे वजन अंगाच्या पावपट भरते. मुंबईची ओळख असलेला बोंबील या व्यवहारात जवळजवळ निरुपयोगी, कारण त्याच्या अंगात दहातले नऊ भाग पाणीच. तारलीची चरबी ऋतूप्रमाणे बदलते : पावसाळ्याआधी दोन-तीन टक्के, पावसानंतर पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत. ऑक्टोबर-नोव्हेंबरातली तारली तव्यावर टाकली की तेलाचे दोन थेंब पुरतात, बाकीचे ती स्वतःच सोडते. एप्रिलमधली तव्याला धरते.

मलबार किनाऱ्यावर तारल्या काहिलींत उकळून काथ्याच्या पिशव्यांत भरून दाबत. तेल वर तरंगे, चोथा खत म्हणून मळ्यांत जाई. आजच्या कारखान्यांतही शिजवणे व दाबणे हेच दोन टप्पे आहेत. तेल वेगळे करण्याचे काम मात्र गरगर फिरवणारे अपकेंद्री यंत्र करते. एक टन माशांतून साधारण दोनशे किलोंहून थोडी अधिक भुकटी आणि जेमतेम पन्नास किलो तेल मिळते. माशाच्या जातीनुसार व ऋतूनुसार हा आकडा बराच हलतो. यकृततेलासाठी यकृत बारीक चिरून पाण्यात उकळतात, वर आलेले तेल काढून गार करतात आणि थिजलेला भाग गाळून टाकतात.

यकृततेलाचा औषधी उपयोग कोणी सुरू केला याबद्दल एकमत नाही. इंग्रजी ग्रंथांत मान मँचेस्टरच्या रुग्णालयाकडे जातो. तेथे १७७० च्या दशकापासून संधिवातावर कॉडचे तेल देत आणि थॉमस पर्सिव्हल यांनी १७८० च्या दशकाच्या आरंभी त्याची नोंद केली. एडिंबरोच्या जॉन ह्यूज बेनेट यांनी १८४१ मध्ये त्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले आणि तेल डॉक्टरांत मान्य झाले. पण उत्तर युरोपच्या किनाऱ्यावरील कोळी ते त्याआधीपासून पीत व अंगाला चोळत असत, रुग्णालयाने ते त्यांच्याकडून उचलले, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. तेव्हाचे तेल यकृते पिंपात कुजवून काढलेले, तपकिरी व असह्य वासाचे असे. नॉर्वेच्या पीटर मोलर यांनी १८५० च्या दशकात ताजी यकृते वाफेवर वितळवण्याची रीत आणली, तेव्हा फिकट पिवळे, त्यातल्या त्यात गिळण्याजोगे तेल मिळू लागले. (नाक दाबून चमचा घेतलेल्या पिढीला ‘गिळण्याजोगे’ हा शब्द कदाचित पटणार नाही.)

गुण नेमका कशात आहे हे पुढे कळले. १९१३ मध्ये अमेरिकी संशोधक मॅककॉलम व डेव्हिस यांनी लोणी आणि अंड्याच्या बलकातील वाढीला आवश्यक असा घटक दाखवला. तोच अ जीवनसत्त्व म्हणून ओळखला गेला आणि यकृततेलातही तो विपुल सापडला. १९१९ मध्ये एडवर्ड मेलनबी यांनी मुडदूस झालेली कुत्र्याची पिल्ले कॉडच्या तेलाने बरी केली, मात्र श्रेय अ जीवनसत्त्वाला दिले. १९२२ मध्ये मॅककॉलम यांनी तेलात गरम करून हवा सोडली. त्यातील अ जीवनसत्त्व नष्ट झाले, तरी मुडदूस बरा करण्याचा गुण टिकला. या दुसऱ्या घटकाला ड हे नाव मिळाले.

‘कॉड लिव्हर’ मुंबईत घराघरांत पोचले असले, तरी कॉड हा उत्तर अटलांटिकचा मासा. अरबी समुद्रात तो नाही. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेकडून येणारा पुरवठा तुटला आणि पर्याय म्हणून मुशीकडे लक्ष गेले. मद्रास व त्रावणकोरप्रमाणे मुंबई सरकारनेही या तेलाचे उत्पादन हाती घेतले. मुंबईतील कारखाना ससून डॉकवर होता आणि कोकण किनाऱ्यावरील यकृते तिकडे पाठवली जात असे दिसते. या तेलात अ जीवनसत्त्व कॉडच्या तेलापेक्षा पुष्कळ जास्त, ड मात्र कमी असते. महायुद्धानंतर कृत्रिम अ जीवनसत्त्व बाजारात आले आणि या उद्योगाचे महत्त्व ओसरले. बालकांचे अंधत्व टाळण्यासाठी देशात १९७० मध्ये सुरू झालेल्या कार्यक्रमात दर सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाची २ लाख एककांची मात्रा देत. तो मुशीच्या तेलाचा नव्हे, कृत्रिम जीवनसत्त्वाचा कार्यक्रम होता. कोळीवाड्यांत मुशीचे तेल होडीच्या फळ्यांना चोपडत. बाळंतिणीला दूध यावे म्हणून मुशीचे कालवण देतात, पण त्याचा तेलाशी संबंध जोडण्यास आधार नाही.

आज औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या पिवळसर पारदर्शक गोळीत बहुतेकदा शरीरतेल असते. तिच्यात अ व ड जीवनसत्त्वे नगण्य. ती घेतली जाते ओमेगा-३ मेदाम्लांसाठी, म्हणजे ईपीए व डीएचए यांच्यासाठी. मुडदूस बरा करणाऱ्या तेलाची पुण्याई या गोळीच्या खात्यावर जमा झाली आहे. उलट यकृततेल जास्त घेतले तर अ जीवनसत्त्व अंगात साठून अपाय करते. म्हणूनच गरोदर स्त्रियांनी ते टाळावे असे सांगतात.

ओमेगा-३ आणि हृदय यांचा संबंध जोडला गेला तो डेन्मार्कच्या बँग व डायरबर्ग यांच्या १९७० च्या दशकातील ग्रीनलंडमधील अभ्यासामुळे. तेथील इन्युइट लोकांचा आहार सील व मासे यांचा असून त्यांच्यात हृदयविकार कमी, असे मत त्यावरून रूढ झाले. २०१४ मध्ये फोडोर व सहकाऱ्यांनी दाखवले की हृदयविकाराचे प्रमाण त्या संशोधकांनी स्वतः मोजलेच नव्हते; दुर्गम भागातील अपुऱ्या मृत्युनोंदींवर भिस्त होती. हा आक्षेप वजनदार आहे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीतील चाचणीत झटका येऊन गेलेल्या ११,३२४ रुग्णांत रोज सुमारे १ ग्रॅम मात्रेने मृत्यू घटल्याचे आढळले. मात्र २०१८ मधील अमेरिकी चाचणीत २५,८७१ निरोगी प्रौढांना तेवढीच मात्रा देऊन झटका, पक्षाघात व हृदयविकाराने मृत्यू यांच्या एकत्रित प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. त्याच वर्षी शुद्ध ईपीए रोज ४ ग्रॅम देणाऱ्या चाचणीत धोका २५ टक्क्यांनी घटला. तुलनेसाठी दिलेल्या खनिज तेलानेच दुसऱ्या गटाचे नुकसान केले असावे, ही शंका अजून मिटलेली नाही. मोठ्या मात्रेत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो.

निर्विवाद म्हणावा असा गुण एकच : रोज २ ते ४ ग्रॅम ईपीए-डीएचए घेतल्यास रक्तातील ट्रायग्लिसराइड, म्हणजे एक प्रकारची चरबी, उतरतात. येथे पाकिटाची मागची बाजू वाचावी. पुढे ‘१००० मिग्रॅ.’ असते ते तेलाचे वजन. मागे बारीक अक्षरांत बहुधा ईपीए १८० आणि डीएचए १२० मिग्रॅ. लिहिलेले असते. म्हणजे २ ग्रॅमसाठी सात गोळ्या, ४ ग्रॅमसाठी चौदा. असा उपचार डॉक्टरच्या देखरेखीखालीच होतो. माशातील पारा प्रथिनांना चिकटतो, त्यामुळे तेलात तो फारसा उतरत नाही. चरबीत विरघळणारी पीसीबीसारखी घातक औद्योगिक रसायने मात्र उतरतात आणि शुद्धीकरणात ती काढावी लागतात.

जगात वर्षाला दहा-बारा लाख टन मत्स्यतेल निघते. त्यातला मोठा वाटा गोळ्यांत जात नाही, तर सामन व कोळंबीसारख्या पाळीव जलचरांच्या खाद्यात जातो. सर्वांत मोठा स्रोत पेरूची अँकोव्ही. २०२३ मध्ये एल निन्योच्या, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी तापण्याच्या काळात तेथील पहिला हंगाम रद्द झाला आणि जगभर भाव कडाडले. आपल्याकडे तारलीची पकड २०१२ मध्ये सुमारे ७ लाख टनांवर गेली होती; केरळात ती २०२१ मध्ये ३,२९७ टनांवर घसरली, त्यानंतर पुन्हा वाढली. दोष कोणाचा, यावर दोन मते आहेत. अख्खा थवा घेरणारी पर्ससीन जाळी आणि पिल्लांची पकड यांकडे बरेच कोळी बोट दाखवतात. समुद्राचे तापमान आणि पावसाळी प्रवाह हे संशोधकांचे कारण. १९४० च्या दशकात, यांत्रिक बोटी येण्यापूर्वीही, तारली अशीच दिसेनाशी झाली होती. तेव्हा हवामानाचा वाटा मोठा मानावा लागतो. पण खाली आलेल्या साठ्यातून भुकटी-तेलाच्या कारखान्यांसाठी पिल्ले उचलली तर तो सावरायला वेळ लागतो, हेही तितकेच खरे. मंगळूर-उल्लाळ पट्ट्यात असे कारखाने बरेच आहेत. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याजोगे किमान आकारमान ठरवून दिले.

यकृततेलापायी झालेली हानी वेगळ्या जातीची आहे, कारण मुशी उशिरा वयात येते आणि तिला पिल्ले थोडी होतात. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क यकृततेलासाठी मारला जाई, तेही मुख्यतः होड्यांना लावण्यासाठी. २००१ मध्ये त्याला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण मिळाले. खोल पाण्यातील मुशींची पकड त्यांच्या यकृततेलातील स्क्वालीन या घटकासाठी होते. सौंदर्यप्रसाधनांत आणि काही लशींत तो वापरतात.

शाकाहाऱ्यांना सुचवल्या जाणाऱ्या जवसात ओमेगा-३ असते, पण ते वेगळे. शरीर त्याचे ईपीए थोडेच आणि डीएचए अत्यल्प बनवते. माशांनाही ही मेदाम्ले मुळात सूक्ष्म शैवालांपासूनच मिळतात. ती शैवाले टाक्यांत वाढवून थेट तेल काढता येते आणि डबाबंद बाळदुधातले डीएचए बरेचदा तिथलेच असते.